प्राग: शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ. काय बघू, काय सोडू?

खडकीकर
मंडळी, मुद्दे हवे आहेत. हॉस्टेलवरची आमची चौघांची टोळी ऑक्टोबरच्या मध्यावर प्रागला भेटतेय. दोघं म्युनिकहून, मी ड्रेस्डेनहून, आणि चौथा पुण्याहून ऑफिसच्या कामासाठी जर्मनीत येतोय. त्याच्या हातात तेवढाच एक शनिवार-रविवार. शुक्रवारी रात्री पोचायचं, रविवारी संध्याकाळी आपापल्या वाटेने परत.

म्युनिकवाल्यांपैकी एक इतिहासाचा वेडा आहे, दिसेल ती पाटी वाचतो. दुसऱ्याला बिअर सोडून कशात रस नाही. पुणेकर पक्का शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, आणि त्यानेच एक्सेल शीट पाठवली आहे. शनिवार: किल्ला, पूल, टाउन हॉलचं जुनं घड्याळ, ज्यू वस्ती, पेट्रीनचा मनोरा, रात्री नदीत बोट. रविवार: सकाळी कुटना होरा, दुपारी चेस्की क्रुमलोव्ह. "परत कधी येणं होतंय" हे त्याचं एकमेव तर्कशास्त्र.

माझं मत, दोन दिवसांत प्रागची वेस ओलांडू नये. पण तो मुद्द्यांशिवाय ऐकणारा नाही. जाऊन आलेल्यांनी, तिथे राहणाऱ्यांनी कृपया शीटवर लाल पेन चालवावा.

काटकसरे
शीटमध्ये झोपेचा कॉलम आहे का?

खडकीकर
आहे. "बसमध्ये" असं लिहिलंय.

ट्रामवाली
क्रुमलोव्ह ताबडतोब खोडा. ते दक्षिणेला, कुटना होरा पूर्वेला. एकाहून दुसऱ्याकडे जायला मधे बराच वेळ मोडतो, आणि क्रुमलोव्हला प्रागहून बसनेच एका बाजूला तीन तासांच्या आसपास लागतात. संध्याकाळी म्युनिकची बस पकडायची असेल तर क्रुमलोव्हमध्ये फक्त स्वच्छतागृह बघून होईल.

कुटना होराला मात्र ट्रेनने तासाभरात पोचता येतं. त्यावर वाद होऊ शकतो.

निळी_छत्री
कुणाच्या कसं लक्षात आलं नाही? ज्यू म्युझियम आणि त्याच्या ताब्यातली सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं), जुनी दफनभूमी, सगळं शनिवारी बंद असतं. शब्बाथ, त्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. शीट तिथेच फाटली. शिवाय ऑक्टोबरात त्यांचे सणही येऊ शकतात, तेव्हा रविवारचंही आधी तपासून घ्या.

खडकीकर
निळी_छत्री, हा पहिला मुद्दा त्याला फॉरवर्ड केला. उत्तर आलं, "मग ते रविवारी सकाळी सात वाजता." 🤦

ट्रामवाली
शनिवारचा माझा मार्ग सांगते, घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला असाच नेते. किल्ला खालून चढू नका. २२ नंबरची ट्राम पकडून थेट वर पोहोर्झेलेत्सला उतरा. उतरल्या उतरल्या टायको ब्राहे आणि केप्लर या खगोलशास्त्रज्ञांचा पुतळा दिसेल, दोघं आभाळाकडे बघत उभे आहेत. तिथून पाच मिनिटांवर स्ट्राहोव्हचा मठ. त्याच्या ग्रंथालयाची दोन दालनं दारातूनच बघायची असतात, आत सोडत नाहीत, तरी तिकीट काढाच. छतभर चित्रं, भिंतभर पुस्तकं. मठाच्या अंगणात त्यांची स्वतःची बिअर मिळते, म्हणजे तुमचा तो मित्रही गप्प. मठाच्या मागच्या कठड्यावरून अख्खं शहर दिसतं.

मग उतारउतार लोरेटो, किल्ला, नेरुदोवा गल्ली, माला स्त्राना आणि चार्ल्स ब्रिज. सगळं उतरतं. रस्ते दगडी फरशांचे आहेत, पातळ तळव्याचे बूट घातलेत तर रात्री पाय हातात घेऊन बसाल. आणि २२ मध्ये पाकीट पुढच्या खिशात.

हडपसरी_हेर
किल्ल्याच्या आवारात फुकट फिरता येतं, तिकीट आतल्या इमारतींचं. माझं मत: सेंट व्हायटस कॅथेड्रल आणि जुना राजवाडा घ्या. कॅथेड्रलचा पाया १३४४ चा, पूर्ण झालं १९२९ ला. आपल्याकडचे उड्डाणपूल उगाच बदनाम आहेत.

काटकसरे
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). ठेकेदाराचं नाव कळवा, पुण्यात कामं आहेत.

इतिहासाचा_किडा
जुन्या राजवाड्यात ती खिडकी चुकवू नका! २३ मे १६१८ ला प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन कॅथलिक अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या सचिवाला खिडकीतून खाली फेकलं. तिघंही वाचले. कॅथलिकांनी सांगितलं, मेरीने झेललं. प्रोटेस्टंटांनी सांगितलं, उकिरड्यात पडले. त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. त्या बिचाऱ्या सचिवाला नंतर सम्राटाने उमरावकी दिली, आणि नावापुढे चक्क "उंचावरून पडलेला" अशा अर्थाचा किताब जोडला.

याचा शेवट जुन्या शहराच्या चौकात आहे. १६२० ला व्हाइट माउंटनची लढाई प्रोटेस्टंट हरले, २१ जून १६२१ ला २७ जणांना त्या चौकात मारलं. बारा जणांची मुंडकी पुलाच्या मनोऱ्यावर दहा वर्षं टांगलेली होती. टाउन हॉलच्या पायथ्याशी फरशीत २७ पांढरे क्रूस बसवलेत. घड्याळाकडे माना वर करून उभ्या असलेल्या गर्दीतले निम्मे लोक त्यांच्यावर उभे असतात.

तर्कट
ते घड्याळ म्हणजे युरोपातला सर्वात मोठा पोपट. शंभर-दोनशे माणसं मोबाईल उंचावून उभी, तास वाजला की सांगाडा घंटा हलवतो, दोन खिडक्यांतून बाहुल्या सरकतात, कोंबडा ओरडतो, खेळ खलास. पाऊण मिनिटात. शेजारचा माणूस "एवढंच?" असं त्याच्या भाषेत म्हणतो आणि ते आपल्याला कळतं. शीटमधून तेही खोडा.

पंचांगी
तर्कट, बाहुल्या बघायला कुणी सांगितलं? त्या नंतरची भर. मूळ घड्याळ १४१० चं आहे आणि बघायची आहे ती मधली तबकडी, तीही तास वाजून गर्दी पांगल्यावर.

सगळ्यात बाहेरचं काळं कडं बघा, त्यावर १ ते २४ सोनेरी आकडे आहेत. तो जुना बोहेमियन काळ, सूर्यास्ताला २४ पूर्ण होतात. सूर्यास्त रोज सरकतो म्हणून ते कडंही वर्षभर पुढेमागे होत राहतं. रोमन आकडे म्हणजे आपले नेहमीचे तास. आत १ ते १२ वक्र रेघा आहेत, त्यात सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भाग केलेत, म्हणजे उन्हाळ्यातला तास लांब आणि हिवाळ्यातला आखूड. आणि चंद्राचा अर्धा रुपेरी, अर्धा काळा गोळा स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. खाली उभं राहून शुक्ल पक्ष आहे की कृष्ण ते सांगता येतं. सहाशे वर्षांपूर्वीचं यंत्र आहे हो!

राशीचक्राचं कडंही आहे. खडकीकर जातील तेव्हा सूर्य तुळेत दिसेल.

तर्कट
ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य कन्येत असतो. घरातलं कॅलेंडर बघून सांगतोय.

पंचांगी
कॅलेंडर निरयन, म्हणजे राशी ताऱ्यांवरून मोजलेल्या; घड्याळ सायन, म्हणजे ऋतूंवरून मोजलेल्या. तिथे सूर्य २१-२२ डिसेंबरला मकरेत जातो, आपण तीळगूळ १४-१५ जानेवारीला वाटतो. या दोन मोजण्यांतला फरक म्हणजे अयनांश. घड्याळ चुकलेलं नाही, कॅलेंडरही नाही.

तर्कट
म्हणजे त्या चौकात माझी रास बदलते? मग बघायला हवं. साडेसाती तरी टळेल.

अजून_एक_अण्णा
धागा सहलीचा की ज्योतिषाचा? 😀
बरं, घड्याळ बनवणाऱ्याचे डोळे काढले ही गोष्ट तिथले गाईड रंगवून सांगतात. ती दंतकथा. ज्याचं नाव घेतात तो हानुश नंतरच्या काळातला, मूळ घड्याळ कादानच्या मिकुलाशचं आणि गणित यान शिंदेल या विद्वानाचं.

इतिहासाचा_किडा
+१. आणि खरी इजा घड्याळाला मे १९४५ मध्ये झाली. नाझींविरुद्धच्या उठावाच्या वेळी जर्मनांच्या माऱ्यात टाउन हॉल पेटला, तेव्हा बाहुल्याही जळाल्या. आत्ता दिसतात त्या बाहुल्या युद्धानंतर कोरलेल्या आहेत.

सुगरण_नाही
शाकाहारी मित्राकडे कुणाचंच लक्ष नाही का? आधी पोटोबा! मी तिथे तीन वर्षं शाकाहारी राहून जिवंत आहे.

स्मझेनी सिर म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेलं चीज, सोबत उकडलेले बटाटे, जवळजवळ प्रत्येक खानावळीत मिळतं. पण वरच्या आवरणात अंडं असतं आणि टार्टर सॉसमध्येही. ब्रांबोराक हे लसूण आणि मरवा घातलेलं बटाट्याचं थालीपीठच, पण त्यातही बहुधा अंडं, आणि तळताना चरबी वापरली आहे का ते विचारावं लागतं. बटाट्याच्या सूपमध्ये बेकन निघू शकतं. थोडक्यात, अंडं न खाणाऱ्याने पारंपरिक खानावळीत उकडलेले बटाटे, लोणच्याची काकडी आणि पाव यांवर नजर ठेवावी. मात्र शहरात पूर्ण शाकाहारी आणि व्हीगन हॉटेलं भरपूर आहेत, भारतीयही आहेत. एक जेवण सगळ्यांनी तिथे करा, एक तुम्ही तिघांनी खानावळीत. मैत्री टिकेल.

चौकाचौकात कोळशावर फिरवत भाजलेलं साखर लावलेलं त्रदेल्निक दिसेल, "जुना चेक पदार्थ" अशी पाटी लावून. जुना नाही आणि प्रागचा तर नाहीच. गोड आहे, गरम आहे, खा, पण पाटीला भुलू नका.

हडपसरी_हेर
सुगरण_नाही, चार्ल्स ब्रिजचं त्याला सांगू नका मग. बांधताना चुन्यात अंडी घातली अशी गोष्ट आहे. राजाने गावोगावहून अंडी मागवली, वेल्वारी गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली. 😂

सुगरण_नाही
मी त्या गावची सून शोभले असते.

उगाच_शंका
पूल खरंच सकाळी ५:३१ ला सुरू केला का? व्हॉट्सॅपवर आलं होतं.

पंचांगी
१३५७, ९ वा दिवस, ७ वा महिना, ५ वाजून ३१ मिनिटं: १-३-५-७-९-७-५-३-१. पूल बांधणाऱ्या राजाला, चौथ्या चार्ल्सला, फलज्योतिषाचा नाद होता म्हणून ही जुळणी लोकांना आवडते. साल पक्कं. मिनिट ऐकून सोडून द्या, तेव्हा मिनिटकाटा कुणाकडे होता?

ट्रामवाली
पुलावर सूर्योदयाला जा. ऑक्टोबरच्या मध्यात तो सव्वासातनंतर होतो, म्हणजे जिवावर येण्याइतकं लवकर नाही. दहा वाजता तिथे तुळशीबागेची गर्दी असते. तीस पुतळ्यांपैकी बरेचसे आता प्रती आहेत. नेपोमुकच्या संत जॉनचा १६८३ चा पुतळा ओळखायला सोपा, खालचा पितळी भाग हात लावून लावून सोन्यासारखा चमकतोय. १३९३ मध्ये राजाच्या हुकमावरून त्याला याच पुलावरून नदीत टाकलं. या शहरात माणसं फेकण्याची परंपरा जुनी आहे.

काटकसरे
आता माझा विषय, पैसे. चलन कोरुना, युरोला साधारण २४-२५. चौकातल्या बदली दुकानांच्या "शून्य कमिशन" पाट्यांना फसू नका, भावातच कापतात. २०१९ पासून कायदा असा आहे की हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करून पैसे परत मागता येतात. पावती जपा. एटीएमवर "युरोत हिशोब करू का?" असं विचारलं तर नाही म्हणा. खरं तर कार्डच वापरा, जवळपास सगळीकडे चालतं.

ट्रामचं कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारायचा. शिक्का नसेल तर खिशात तिकीट असूनही दंड. तपासनीस साध्या कपड्यात असतात आणि पर्यटक ओळखण्यात वाकबगार.

उगाच_शंका
पासपोर्ट लागतो का? सगळं शेंगेनच ना, एकाच व्हिसावर फिरता येणारं? फोनमधला फोटो चालेल?

गोदाकाठ
मूळ पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही. परतताना जर्मन पोलीस सरहद्दीजवळ गाडीत चढून तपासतात. फोटो चालत नाही. शेजारच्या सीटवरच्या मुलाला सरहद्दीपलीकडच्या बाड शांडाउ स्टेशनावर उतरवून नेताना पाहिलंय.

खडकीकर, तुमची ड्रेस्डेनची गाडी एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते. येताना अंधार असेल, परतताना साडेतीन-चारची घ्या आणि उजवी खिडकी पकडा. वाळूच्या दगडाचे ते कडे उजेडात बघायचे.

आणि बिअरवाल्या मित्राला गाड्यांचा नाद असेल तर तासाभरावर म्लादा बोलेस्लाव्ह आहे, श्कोडाचं गाव. १८९५ मध्ये लौरिन आणि क्लेमेंट यांनी तिथे सायकलींपासून सुरुवात केली. मी संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या श्कोडा कारखान्यातून तिथे ट्रेनिंगला गेलो होतो. म्युझियम छान आहे. संभाजीनगर म्हटल्यावर तिथल्या म्हाताऱ्या फोरमनने शेंद्र्याचं हवामान विचारलं.

निळी_छत्री
मला थोडं गंभीर लिहायचंय. रविवारी योसेफोव्हला, म्हणजे ज्यू वस्तीत, जाणार असाल तर कुठल्याही दोन गोष्टींच्या मध्ये कोंबू नका. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया-मोराव्हियातल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. गाव, आडनाव, मग नाव, जन्म आणि शेवटची माहीत असलेली तारीख. एका आडनावाखाली पाच-सहा नावं लागोपाठ येतात आणि शेवटची तारीख एकच असते, तेव्हा कळतं ते घर होतं. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या नाझी छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. बाहेर दफनभूमी, जागा पुरेना म्हणून थरांवर थर पुरत गेले, दगड एकमेकांना रेलून उभे. मी नंतर दोन तास काही खाऊ शकले नव्हते.

इतिहासाचा_किडा
सहमत. आणि तुमच्या पाट्या वाचणाऱ्या मित्राला रेस्लोवा रस्त्यावरच्या सिरिल-मेथोडियस चर्चमध्ये न्या. २७ मे १९४२ ला गाबचिक आणि कुबिश या चेकोस्लोव्हाक सैनिकांनी इथला नाझी प्रमुख हायड्रिख याच्यावर हल्ला केला. सूड म्हणून लिदित्से गाव जमीनदोस्त झालं. १८ जूनला या चर्चमध्ये सात पॅराशूट सैनिक शेवटपर्यंत लढले, एकही वाचला नाही. तळघराच्या झरोक्याभोवती गोळ्यांच्या खुणा रस्त्यावरूनच दिसतात. शेजारून ट्राम जात असते, लोक कॉफी घेऊन जात असतात.

बालगंधर्व_चौक
अवांतर, पण आपला संबंध म्हणून. देइवित्से भागात रवींद्रनाथ ठाकुरांच्या नावाचा रस्ता आणि त्यांचा अर्धपुतळा आहे. ते १९२१ आणि १९२६ मध्ये प्रागला आले होते. तिथले प्राध्यापक विन्सेन्त्स लेस्नी मूळ बंगालीतून भाषांतर करायचे. विमानतळाच्या वाटेवर पडतं, वेळ असेल तर जा.

तर्कट
चौघं मित्र वर्षांनी भेटतायत, त्यांना तुम्ही सगळ्यांनी मिळून नवी एक्सेल बनवून दिलीत. त्यातही झोप नाही.

ट्रामवाली
😀 मान्य. मग शनिवारी मी सांगितलेला उतार आणि रात्री खानावळ. रविवारी योसेफोव्ह किंवा कुटना होरा. बोट, मनोरा, क्रुमलोव्ह सगळं रद्द. पेट्रीनचा मनोरा १८९१ चा, आयफेलवरून सुचलेला, २९९ पायऱ्या. स्ट्राहोव्हच्या कठड्यावरून दिसतं तेवढं पुरे.

खडकीकर
जाऊन आलो! सगळ्यांना धन्यवाद.

शनिवारचा ट्रामवाली मार्ग जसाच्या तसा केला. इतिहासवाला त्या खिडकीपाशी वीस मिनिटं, बिअरवाला स्ट्राहोव्हच्या अंगणात दीड तास. अंड्यांची गोष्ट पुलावरच सांगितली, पुणेकर उरलेला पूल टाचा उचलून चालला. घड्याळासमोर पंचांगींचा प्रतिसाद मोठ्याने वाचला तर दोन नागपूरकर कुटुंबं ऐकायला थांबली.

रविवारी फाटाफूट झाली. पुणेकर आणि इतिहासवाला कुटना होराला गेले. तिथे सेडलेत्सच्या तळघरात हजारो माणसांच्या हाडांची सजावट आहे, अगदी झुंबरसुद्धा, आणि आत फोटो काढायला बंदी. पुणेकराच्या मते एवढं लांब जाऊन पुरावा नाही. इतिहासवाला तिथल्या चांदीच्या खाणींवर अजून बोलतोय. आम्ही दोघं योसेफोव्हला. निळी_छत्री, बिअरवाला बाहेर आल्यावर म्हणाला, आता खानावळ नको, चालू या. त्याच्याकडून हे अपेक्षित नव्हतं.

शनिवार रात्रीचा किस्सा राहिलाच. खानावळीत टेबलावर कागदाची अरुंद चिठ्ठी ठेवतात, वेटर ग्लास आणला की न बोलता पेन्सिलने तिच्यावर रेघ मारतो. ग्लास संपला की विचारत नाही, पुढचा आणतो. नको असेल तर ग्लासवर बिअरची चकती ठेवायची हे कुणाला माहीत नव्हतं. पुणेकराने ती रेघांची चिठ्ठी आठवण म्हणून खिशात टाकली. तेच बिल. वेटर चौघांचे चेहरे न्याहाळत उभा, आणि हा शांतपणे काकडी खातोय.

काटकसरे
किती रेघा?

खडकीकर
त्याची बायको हा धागा वाचते.

उगाच_शंका
सासूसासऱ्यांना घेऊन डिसेंबरात गेलं तर चालेल का? ख्रिसमस बाजार बघायचा आहे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात.

ट्रामवाली
चालेल. साडेतीन-चारलाच अंधारायला लागतं, म्हणून किल्ला सकाळी उरका. फरशांवर बर्फ असला तर उतार पायी उतरू नका, २२ नेच खाली या. बाजार जुन्या चौकातला बघा, शनिवार टाळून, आणि हॉटेल ट्रामच्या थांब्याला लागून घ्या.